मोकळा डबा

बाबा गेले त्याला या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. दिवाळीच्या आधी आईनं स्वयंपाकघरातली वरची फळी साफ करायला काढली, तेव्हा मागच्या रांगेतून एक स्टीलचा डबा निघाला. तो आमचा नव्हता. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी कोरलेलं होतं. नावाची अक्षरं घासून घासून गेली होती. आडनाव, गावाचं नाव, १९८७ सालच्या मे महिन्यातली एक तारीख आणि 'मामाकडून' एवढंच लागत होतं. झाकण उघडलं तर अगदी पुसट, पण कांदा-लसणाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला. आई तिथेच स्टुलावर बसली आणि म्हणाली, "हा कोल्हापूरचा डबा."

ऑगस्ट २०१९. बाबा निपाणीला एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेले होते. परत येताना त्यांची एसटी कोल्हापूरच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. पंचगंगा महामार्गावर आली होती. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. रस्त्यावर ट्रक, एसट्या, मोटारी यांची रांग लागलेली. जवळच्या एका गावातली माणसं पावसात आली आणि गाड्यांमधली माणसं त्यांनी घराघरांत वाटून घेतली. बाबा आठवडाभर एका घरी राहिले. डोंबिवलीला परतले तेव्हा हातात हा डबा होता, तोंडापर्यंत 'चटणी'नं भरलेला. आईला ती शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या चटणीसारखी वाटली. तिनं पोळीला भरपूर लावून खाल्ली आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कोल्हापूरकडे चटणी म्हणजे वर्षाचा करून ठेवलेला कांदा-लसूण मसाला, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

त्या घरचा नंबर बाबांच्या जुन्या फोनमध्ये होता आणि तो फोन आता चालू होत नाही. उरली होती २०१९ ची खिशातली डायरी. बाबा रोज एखादीच ओळ लिहीत. '६ ऑगस्ट. गाडी थांबली. एका घरी. भाकरी, आमटी.' '७ ऑगस्ट. पाऊस. माझ्यासाठी फिकी आमटी वेगळी.' '८ ऑगस्ट. मशीन.' '९ ऑगस्ट. मशीन.' मग तीन दिवस नुसतं 'पाऊस' आणि 'पाणी उतरतंय म्हणतात'. शेवटी, '१३ ऑगस्ट. रस्ता सुटला. डबा.'

मशीन म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही कळेना. पण आईच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. कुणाचा डबा घरी राहिला तर तो परत करायचा असतो, आणि रिकामा करायचा नसतो. तिनं बेसनाचे लाडू वळले आणि मी महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं काढली.

२९ जानेवारी, रात्र

कल्याणला गाडीत चढलो तर आमच्या दोन्ही जागा मधल्या बर्थच्या. आईचे गुडघे दुखरे. समोरचा मुलगा कॉलेजचा असावा. काही न विचारता त्यानं आपली चादर उचलली आणि आईच्या मधल्या बर्थवर गेला. खालून आईनं "अरे, तुझं नाव तरी सांग," म्हटलं, तेव्हा तो नुसता हसला.

बदलापूर गेलं तसं मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बाबांची एसटी अडकायच्या दहा दिवस आधी, २७ जुलै २०१९ ला, हीच गाडी इथे वांगणीच्या अलीकडे पुराच्या पाण्यात उभी राहिली होती. आत हजाराहून जास्त माणसं होती. बचाव पथकांच्या होड्या आल्या, आसपासच्या गावांतली माणसंही धावली. त्या वर्षीच्या पावसाची आठवण निघाली की आम्ही नुकसानीचे आकडे सांगतो. त्या प्रवाशांच्या हातात पहिला चहाचा कप कुणी दिला हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. मला त्या माणसांची नावं माहीत असायला हवी होती.

३० जानेवारी

मिरजेनंतर कृष्णेचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. तोडणी चालू होती. लांब कुठेतरी गुऱ्हाळाचा धूर सरळ वर जात होता. आईनं लाडवांची पिशवी मांडीवर घेतली ती कोल्हापूर येईपर्यंत खाली ठेवली नाही.

स्टेशनाबाहेर जो रिक्षावाला मिळाला, तो पुढचे चार दिवस आमचाच झाला. त्याला आम्ही दादा म्हणायला लागलो. भवानी मंडपाजवळच्या लॉजवर त्यानं सोडलं, बॅगा आत नेऊन ठेवल्या आणि गेला. अर्ध्या तासानं दारावर टकटक झाली. आईची काठी रिक्षात राहिली होती. मी पैसे पुढे केले तर तो दोन पावलं मागे सरला. "काठीचं काय भाडं घ्यायचं मावशी?"

त्याच्याच सांगण्यावरून कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा प्यायला गेलो. गाडेवाल्यानं आईला आपलं स्टूल दिलं आणि स्वतः उभ्यानं चहा गाळत राहिला. या गावात चहाची एक गोष्ट आहे, ती मला तिथे बसून आठवली. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ नोकरीला होते. ते दलित होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मार बसला. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना नोकरीच्या बंधनातून मोकळं केलं आणि भरवस्तीत चहाचं हॉटेल काढायला मदत केली. सुरुवातीला तिथे कुणी फिरकेना. मग महाराज स्वतः घोड्याच्या गाडीतून तिथे थांबू लागले, सगळ्यांदेखत चहा मागवून घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. महाराज गेल्यावर त्यांचं स्मारक उभं करायला पुढे झाले ते हेच गंगाराम कांबळे. वसतिगृहं, राधानगरीचं धरण, आरक्षणाचा १९०२ चा हुकूम, ही सगळी मोठी कामं आपण शाळेत शिकतो. मला मात्र तो कप जास्त जवळचा वाटतो. तो कप हातात घ्यायला कायद्याची गरज नव्हती. गाडी थांबवायची गरज होती, आणि ती थांबली.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी रस्त्याच्या कडेला बांधलेल्या, माणसं भोवती उभी, आणि समोर धार काढून फेसाळलेला पेला हातात. दूध कोमट असतं, म्हशीच्या अंगाएवढं. आईनं धारोष्ण दूध लहानपणी आजोळी प्यालेलं, त्यानंतर कधीच नाही. गर्दीत तिला उभं राहता येईना. एकानं आपली मोटारसायकल मधल्या स्टँडवर लावली आणि म्हणाला, "हिच्यावर बसा आज्जी, मी धरतो." आई मोटारसायकलवर बसून दूध प्यायली. तिच्या ओठावर पांढरी मिशी उमटली होती आणि ती पुसायचं तिला सुचलं नाही. शेजारी तालमीतली दोन पोरं होती, कान मोडलेले, मान जाड. एकेका दमात त्यांनी मोठे पेले संपवले, आणि पेला ठेवून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. ते हात फिरवणं मी विसरणार नाही.

३१ जानेवारी

सकाळी रंकाळ्याकाठी बसलो, मिसळ खाल्ली. तिखट मला झेपतं, आईला नाही. वाढणाऱ्या काकूंनी आईचा चेहरा बघितला आणि न सांगता ताटलीत दही आणून ठेवलं.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचा पहिला दिवस. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. परंपरेनं ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत चढतात. देऊळ बांधणाऱ्यांनी सूर्याचा रस्ता दगडात धरून ठेवला आहे. मधल्या काळात या रस्त्यावर इमारती उभ्या राहिल्या, हवेत धूळ आणि बाष्प वाढलं. आता किरणं कुठवर पोचली हे दरवर्षी मोजलं जातं, आणि गावात त्यावर घरातल्या माणसाच्या तब्येतीवर बोलावं तसं बोललं जातं.

आम्ही उशिरा पोचलो. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर आतलं दिसत होतं, पण आईच्या पुढे माणसांच्या पाठी. कठड्याला टेकून तीन बायका बसल्या होत्या. त्यांतली एक उठली आणि आईला हाताला धरून आपल्या जागी बसवलं. दुपारी तीनपासून ती जागा धरून होती. आई नको नको म्हणत होती. ती म्हणाली, "आमी हितलीच वो मावशी. उद्या परत येतो की." कोल्हापूरच्या बायका 'येतो, जातो, करतो' म्हणतात, हे मी ऐकून होते. त्या संध्याकाळी त्या 'येतो'मध्ये मला फार मोठा आधार वाटला. ती बाई मग पुढचा पाऊण तास माझ्याशेजारी उभी राहिली.

आणि एक गोष्ट पाहिली ती अशी. ऊन जसजसं तांबूस होत आत सरकलं, तसतशी गर्दी आपोआप दुभंगली. कुणी कुणाला सांगत होतं असं नाही. मुलांना मागे ओढलं, पिशव्या उचलल्या, पदर आवरले. शेकडो माणसं अंग चोरून उभी आणि मधून उन्हाचा एक पट्टा. आईचा पाय त्या पट्ट्यात येत होता, तिनं तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. 'उदं गं अंबे उदं' सुरू झालं तेव्हा पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती त्या फरशीवरच्या उन्हाकडे बघत होती.

१ फेब्रुवारी

डब्याचा दिवस. दादा सकाळीच आले. गोकुळ शिरगावच्या पुढे महामार्ग सोडून आत वळलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या अक्का भेटल्या त्यांनीच "आमचं कशाला लिवतीस, समद्या गावानं क्येलंय," असं बजावलं आहे.

दूध संस्थेपुढे किटल्या घेऊन माणसं उभी होती. आईनं पिशवीतून डबा काढला. सचिवांनी चष्मा लावून झाकण वाचलं. "ह्या आडनावाची आठ घरं हाईत. नाव लागंना झालंय." डबा हातोहात फिरला. एक फेटेवाले आजोबा तारखेवर बोट ठेवून गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "सत्त्याऐंशीचा मे. आमच्या थोरल्याचं लगीन त्याच महिन्यात. त्या म्हैन्यात गावात तीन लग्नं झाली. एकीला मामा न्हवताच. दुसरी माझी सून, तिची भांडी मला ठावं हाईत. ऱ्हायली खालच्या आळीची." सगळ्यांना ते एकदम पटलं. एक पोरगा सायकलवरून पुढे निघाला, दादांची रिक्षा त्याच्या मागे, आणि रिक्षाच्या मागे दूध घालून झालेली चार माणसं. त्यांना पुढे काय होतं ते बघायचं होतं.

अक्का अंगणात तांदूळ निवडत होत्या. साठीच्या आसपास, नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, हातात हिरव्या बांगड्या. आईनं डबा पुढे केला. अक्कांनी तो उलटा-सुलटा केला, अंगठ्यानं 'मामाकडून' चाचपलं आणि म्हणाल्या, "माझाच की! कुठं घावला तुमास्नी?"

आईनं सगळं सांगितलं. पूर, एसटी, आठवडाभर मुक्काम. अक्का ऐकत होत्या, मान डोलवत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटत नव्हती. माझ्या पोटात कालवलं. शेवटी त्यांनीच सांगितलं, "ताई, खोटं कशाला बोलू? आमच्यात त्या टायमाला सात माणसं हुती. दोघं ट्रकवालं तामिळनाडूचं, एक लेकुरवाळी, एक जोडपं, आनि कोन कोन. त्यातला एक ड्रायवर भाकरी थापाय शिकला. तोंडं मागनं मिसळत्यात हो." मी बाबांचा फोटो दाखवला. लग्नातला होता, कोट घातलेला. अक्कांनी तो लांब धरला, जवळ धरला. नाही.

आईनं अगदी हळू विचारलं, "तुम्ही आमच्या ह्यांच्यासाठी फिकी आमटी वेगळी करत होता. आठवतं का?"

"फिक्की?" अक्का म्हणाल्या. मग एकदम उठल्या. "अगं बाई! मशीनवालं बाबा!"

त्यांनी आईचा हात धरला आणि आत नेलं. खिडकीखाली शिलाई मशीन होतं, काळं, सोनेरी वेलबुट्टी अर्धी उडालेली, पायानं चालवायचं. अक्कांच्या सासूबाईंचं. दोन वर्षं बंद पडून त्यावर कपड्यांचे गठ्ठे ठेवलेले. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. बाहेर पाऊस, हाताला काम नाही, माणसाला नुसतं बसून खाणं जड जात असणार. त्यांनी पोतं अंथरून मशीन खोललं, सुटा भाग न् भाग रॉकेलमध्ये धुतला, पुसला. एक तुकडा पार झिजलेला होता. अक्कांचा पुतण्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. त्याच्याकडून बाबांनी लोखंडाचा तुकडा मागवून घेतला आणि कानशीनं घासून घासून तसाच दुसरा बनवला. ८ ऑगस्ट आणि ९ ऑगस्ट.

"दोन दिस मान वर क्येली न्हाई," अक्का सांगत होत्या. "आनि सुरू झालं तवा न्हान पोरावानी हसलं." शाळेत तेव्हा पूरग्रस्तांना ठेवलं होतं. कापडाचे तागे मदत म्हणून आले होते, पण शिवणार कोण? अक्कांनी त्या महिन्यात त्याच मशीनवर परकर, झबली, दुपटी शिवली. पुढे गावातल्या मुलांचे शाळेचे गणवेश येऊ लागले. आता सून शिवते.

यातलं एक अक्षर बाबांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्हाला त्यांनी फक्त सांगितलं की त्या लोकांनी माझ्यासाठी आमटी वेगळी केली.

आईनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. सुनेनं पायटा हलवला आणि आईच्या हाताखाली चाक फिरू लागलं. मी अंगणात गेले. थोडा वेळ मला तिथे उभं राहवेना.

आत आले तेव्हा अक्का आईकडे बघत होत्या, तिच्या मोकळ्या गळ्याकडे. "कवा?" एवढंच विचारलं. आईनं सांगितलं. अक्का उठल्या आणि देव्हाऱ्यातून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. रथसप्तमी व्हायची होती, घराघरात संक्रांतीचं हळदीकुंकू अजून चालू होतं. आई मागे सरकली. डोंबिवलीत आमच्याच इमारतीत या दोन वर्षांत तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही, आणि तीही कधी बोलली नाही. अक्कांनी तिची हनुवटी धरली. "शिरोळ तालुक्यात हेरवाड हाय. त्यांनी ठराव क्येला, बाईचा मालक ग्येला म्हणून तिचं कुंकू पुसायचं न्हाई, बांगड्या फोडायच्या न्हाईत. सरकारनंबी मानलं. मग आपन कोन?" मे २०२२ मधला तो ठराव मी वर्तमानपत्रात वाचला होता. हेरवाडची ग्रामपंचायत असं करणारी राज्यातली पहिली, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. वाचून मी मान डोलावली होती, आणि माझ्याच घरात काही केलं नव्हतं. अक्कांच्या बोटाला कुंकू लागलेलं होतं आणि आई डोळे मिटून बसली होती. मग तिळगूळ, ओटीत गहू आणि बोरं.

जेवायला बसवलंच. भाकरी, झुणका, खर्डा, आणि आईपुढे वेगळ्या वाटीत फिकी आमटी. लाडू परातीत ओतले गेले. आळीतल्या घराघरांत एकेक पोचला, दूध संस्थेतल्या आजोबांना दोन.

उन्हं कलल्यावर अक्कांच्या मुलानं गुऱ्हाळावर नेलं. चरकातून रस निघतो तो मोठ्या काहिलीत जातो. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारत एक माणूस सारखा जाळ राखत असतो. रस तापला की रानभेंडीचं चिकट पाणी घालतात, त्यानं मळी वर येते ती काढून टाकायची. नंतर सगळं काम गुळव्याच्या नजरेचं. बुडबुडे कसे फुटतात, पाक बोटावर कसा धरतो, यावरून तो काहील उतरवायचा क्षण सांगतो. घड्याळ नाही, मोजमाप नाही. त्यानं हात वर केला आणि सगळे धावले. काहील ओतली गेली आणि गोड वाफेनं समोरचं काही दिसेना. शाळकरी पोरं उसाचं कांडं घेऊन टपून बसलेलीच होती. त्यावर गरम गूळ गुंडाळून त्यांतल्या एकानं पहिलं कांडं आईला आणून दिलं, दुसरं स्वतः घेतलं. जीभ भाजली तरी मी थांबले नाही.

निघताना अक्कांनी डबा आईच्या हातात दिला. जड होता. आत ताजा गूळ.

"अहो, डबा परत द्यायला तर आलो आम्ही!"

"मग? द्या की." अक्का म्हणाल्या. "पर मोकळा डबा मी कसा धाडू?"

आई काही बोलू शकली नाही. रस्त्यापर्यंत सगळे सोडायला आले. दादांनी आमची दिवसभर वाट बघितली होती. त्यांनाही अक्कांनी जेवायला घातलं होतं आणि गूळ बांधून दिला होता.

२ फेब्रुवारी

गाडी करून नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर. वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आईनं पाण्यात पाय सोडले आणि बराच वेळ काही बोलली नाही. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ मी आधी पाहिलेलं आहे, तरी स्वर्गमंडपात पाय ठेवला की बोलणं बंद होतं. ४८ खांब, आणि मधोमध छत नाहीच, गोल आकाश. खाली त्याच मापाची गोल शिळा. गावातली एक मुलगी दप्तर पाठीला लावून आली आणि तिनं आईला सांगितलं, "हितं झोपून वर बघायचं आज्जी, उभं राहून कळत न्हाई." आई शिळेवर आडवी झाली. कपाळावर कालचं कुंकू होतं, थोडं पसरलेलं. ती मुलगी तिच्याशेजारी आडवी झाली आणि दोघी वर ढग बघत पडून राहिल्या.

परतताना शिरोळ तालुक्याच्या पाट्या दिसत होत्या. आईनं ड्रायव्हरला विचारलं, "हेरवाड कुठे आलं?" त्यानं हातानं दिशा दाखवली. आईनं त्या दिशेला हात जोडले.

३ फेब्रुवारी

रात्रीची गाडी. दिवस मोकळा होता म्हणून चपलांच्या दुकानांकडे गेलो. आईच्या जुन्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला होता, नवी घ्यायची होती. कारागीर बसल्या जागी काम करत होते. त्यांनी जुनी चप्पल हातात घेऊन वळवून पाहिली. "मावशी, ही अजून धा वर्सं जाईल. नवी कशाला?" चामड्याच्या वादीनं त्यांनी अंगठा शिवून दिला, कान घट्ट केले. खिळा नाही, सगळं शिवण. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं पायाबरोबर मऊ होत जातं, हे ते बोलत होते आणि हात थांबत नव्हते. २०१९ मध्येच कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. बाजारात नकली चपलांचे ढीग आहेत आणि असा एक कारागीर गिऱ्हाईकाला नवी घेऊ नका म्हणतो. मी माझ्यासाठी एक जोड घेतला. तेल कधी लावायचं, पहिल्या आठवड्यात किती वेळ घालायचं, सगळं त्यांनी दोनदा समजावलं. जुन्या चपलेच्या दुरुस्तीचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

दादांनी स्टेशनवर सोडलं. फलाटापर्यंत आले. "काठी घेतली न्हवं?" म्हणून खात्री करून गेले.

४ फेब्रुवारी, सकाळ

घरी पोचलो, कुलूप काढलं, गॅसवर आधण ठेवलं. आईनं डबा ओट्यावर ठेवला आणि चहात साखरेऐवजी गुळाचा खडा टाकला. तेवढ्यात माझा फोन वाजला. अक्का.

"पोचला नव्हं नीट?"

मी फोन आईकडे दिला. आई मोठ्यानं बोलते, समोरचं माणूस लांब आहे म्हणून. गुडघे, गाडी, गूळ, सगळं झालं. मग ती ऐकत राहिली, हो हो म्हणत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिनं भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं आणि पानं उलटायला लागली.

"काय गं?" मी विचारलं.

"नवी चटणी शिमग्यानंतर करतात म्हणे. अक्कांनी डबा घेऊन यायला सांगितलंय."